थर : अज्ञात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "बाई, एकतीस वर्षं पुरातत्त्वाच्या नोकरीत काढलीत. तुम्हाला स्वतःला सापडलेल्या सगळ्यात मौल्यवान वस्तूवर लिहा ना." मी म्हटलं, लिहिते की. फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. कारण खरं उत्तर एका ओळीचं आहे : सोड्याची एक फुटकी बाटली, आतल्या गोटीसकट.

खोटं नाही सांगत. मुलुंडच्या एका टेकाडावर मला पहिल्यांदा माझ्या जबाबदारीवर उत्खनन मिळालं होतं. सहा आठवडे, दहा मजूर, दोऱ्या ताणून आखलेले चौकोनी खड्डे, डोक्यावर सोलापुरी चादरीचा मांडव. रोज सकाळी मी घाटकोपरहून निघताना देवाला सांगायची, बाबा, आज काहीतरी दे. सहाव्या आठवड्यात ती बाटली निघाली. साहेब बघायला आले, गोटी बोटाने हलवून बघितली आणि म्हणाले, "चला, हिच्या आत काहीतरी आहे म्हणायचं." मांडव गुंडाळून घरी आले.

म्हणून आधीच सांगून टाकते. हा लेख मला सापडलेल्या वस्तूवर नाही, दुसऱ्याला सापडलेल्या वस्तूंवर आहे. आणि त्या दुसऱ्याचा मला इतका हेवा वाटला, इतका जळफळाट झाला, की त्यात मी जे केलं ते आजपर्यंत एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

पण आधी आमचा धंदा काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं आम्ही गुप्तधन शोधतो. माझ्या सासूबाई तर शेजारणीला सांगायच्या, "आमची सून हंडे उकरते." प्रत्यक्षात आम्ही उकरतो ती खापरं. फुटक्या मडक्यांचे तुकडे. आणि खरं म्हणजे खापरसुद्धा फारसं महत्त्वाचं नाही. ते कुठल्या थरात पडलं होतं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे महत्त्वाचं. घरातला रद्दीचा गठ्ठा बघा. सगळ्यात जुना पेपर तळाला, आजचा वर. मधलाच एक ओढून काढलात तरी त्याच्यावर तारीख छापलेली असते. खापरावर कुणी तारीख छापत नाही. ते गठ्ठ्यात कितव्या नंबरवर होतं हीच त्याची तारीख. ते न लिहिता उचललंत की संपलं, उरलं नुसतं मडक्याचं खापर, कुंडीच्या तळाला घालायला बरं. म्हणून आम्ही हौशी उकरणाऱ्यांवर दात खाऊन असतो. चोराला निदान कळतं तरी की आपण चोरी करतोय. हौशी माणूस पेढे वाटतो.

आमचं ऑफिस तेव्हा अंधेरीला होतं, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. ऐंशीच्या दशकात उपनगरांत जिकडेतिकडे पाये खणणं चाललं होतं आणि मातीतून वर आलेलं सगळं घेऊन लोक आमच्याकडे यायचे. मालाडचे एक शेठ डायनोसोरचं अंडं घेऊन आले होते, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून. तो इडलीच्या रगड्याचा दगड होता. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचं शिक्षण किती?" दुसऱ्या एका दिवशी मीच वर्सोव्याला गेले होते. एका कोळिणीच्या अंगणात खारवायच्या मासळीच्या पिंपावर कमळ कोरलेला सुंदर दगड ठेवलेला, वजन म्हणून. मी कायदा सांगितला. दगड जुना आहे, सरकारचा आहे, द्यायला लागेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घेऊन जा. मंग मासली दाबायला तू येऊन बस पिंपावर." दगड तिथेच राहिला. अशा लोकांचा मला कधी राग आला नाही. उलट घरी जाऊन त्यांच्या नकला करायची.

राग आला तो परबांचा.

गोविंद परब पहिल्यांदा आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि पायात टायरच्या चपला. मालवणकडचे. गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे विणकर. संपानंतर गिरणी गेली ती गेलीच. आता भांडुपला खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या अलीकडे एका बिल्डिंगचा पाया खणणं चाललं होतं, तिथे खणणाऱ्या माणसांवर मुकादम. वय माझ्याहून आठ-दहा वर्षांनी जास्त. बाकावर अगदी कडेला बसले, जसं काही बाक कुणीतरी परत मागणार आहे.

"बाई, थंय टेकाडात काय काय गावता माका. म्हटलां, तुमका दाखवूया."

पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. पहिलं खापर. दुसरं खापर. मग तिसरी वस्तू ठेवली आणि मी खुर्ची पुढे ओढली. मातीच्या उंच सुरईसारख्या भांड्याची जाड मूठ होती ती. अशी भांडी आपल्याकडे बनत नसत. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून गलबतांतून दारू आणि तेल भरून येत. म्हणजे भांडुपच्या त्या टेकाडाशी कधीतरी गलबतं लागत होती, माल उतरत होता, माणसं राहत होती. असा तुकडा आपल्या खड्ड्यात मिळावा म्हणून मी अकरा वर्षं जीव टाकत होते. आणि या माणसाला तो जेवणाच्या सुट्टीत मिळाला होता.

"कधी मिळाली ही?"

"गावली मंगळवारी. अशा अजून दोन असत घरात."

अजून दोन! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात ना. पण मागत होते मी, आणि देव देत होता परबांना.

खरं तर मी उठून त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता. रिक्षा करून त्याच पावली भांडुप गाठायला हवं होतं. त्याऐवजी माझी नजर भलत्याच गोष्टीवर गेली. प्रत्येक तुकड्याला सुती धागा बांधलेला. कुठे काळा, कुठे लाल, कुठे पांढरा. आणि त्या धाग्यांना गाठी.

"हे काय? दृष्ट लागू नये म्हणून बांधलेत?"

"नाय ओ बाई, ता काय आसा, मी जेव्हा..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. सुरूच झाले. तुम्ही लोक समजता काय स्वतःला, थर म्हणजे काय माहीत आहे का, ही वस्तू उचललीत म्हणजे तिची तारीख पुसलीत, हा गुन्हा आहे, यापुढे काही दिसलं तर हात न लावता आम्हाला कळवा. रद्दीच्या गठ्ठ्याचा दाखलासुद्धा दिला. वीस मिनिटं बोलले असेन. सगळं खरं होतं त्यातलं, एकूण एक शब्द खरा. ऐकून परब म्हणाले, "बरां," आणि पिशवी भरून गेले. जाताना बाकावरची आपल्या पिशवीची माती हाताने पुसून गेले, हे मला उगाच लक्षात राहिलंय.

आठवड्याभराने मी भांडुपला गेले. मनात एकच होतं, सगळं खोटं ठरावं. परबांची खोली पश्चिमेला डोंगराच्या उतारावर होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत भिंतीला एक फळी मारलेली आणि त्यावर त्रेचाळीस वस्तू मांडलेल्या, धाग्यांसकट, अगदी ओळीत. आमच्या गोदामात अशी मांडणी मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. तीन मुठी, मणी, शंखाच्या बांगडीचे तुकडे, कसलासा ठसा असलेली मातीची टिकली. परबांच्या मिसेसनी चहा दिला. शेजारची दोन माणसं दारातून डोकावून म्हणाली, "काय प्रोफेसर, आज पावणे?" प्रोफेसर! एम.ए. मी केलं होतं, फर्स्ट क्लासात.

परब मला म्हणाले, "बाई, येतास काय टेकाडार? जागा दाखवतंय." मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, आज नाही जमणार. कामं काहीही नव्हती. पण त्यांच्या मागून चालत जाऊन ते बोट दाखवतील तिथे बघायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी खात्याची, मी शिकलेली, आणि जागा दाखवणार ते! छ्या.

त्या वर्षी गणपतीत परबांच्या गल्लीतल्या मंडळाने त्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. एका पेपरात फोटो आला : गिरणी कामगाराला सापडलं प्राचीन बंदर. आमच्या ह्यांनी सकाळी चहाबरोबर तो पेपर माझ्यासमोर ठेवला. "बघ गं, तुझ्या लाइनमधली बातमी आहे. ओळखतेस का या माणसाला?" चांगल्या मनाने विचारलं हो त्यांनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्यांच्या डब्यात भाजीऐवजी नुसती पोळी भरून गेले.

ऑफिसात पोहोचल्या पोहोचल्या साहेबांना टिपण लिहिलं. अनधिकृत उत्खनन, वस्तूंची हेळसांड, कायद्यानुसार ताब्यात घेणे आवश्यक. साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "त्यांना समजावून आपल्याबरोबर घेता आलं तर बघा की." मी म्हटलं, "सर, आज एकाला सोडलं तर उद्या घराघरात म्युझियम निघेल." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. साहेबांनी सही केली.

दोन शिपाई घेऊन मी पंचनाम्याला गेले. परबांनी वाद घातला नाही. स्वतःच फळीवरून एकेक वस्तू काढून कागदात गुंडाळून देत होते. वाद घातला मिसेसनी, दारात उभं राहून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात : "मेल्यांनो, आयत्या बिळावर नागोबा! उन्हातान्हात खणलां कोणी आणि उचलून नेता कोण!" मी खाली मान घालून लिहीत राहिले. पंचनाम्यात वस्तूचं वर्णन, रंग, लांबी, रुंदी. धाग्यांचं काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यात आहे असं वाटलंच नाही. शेवटचं पुडकं हातात देताना परब म्हणाले, "बाई, एकच करा. धागे सोडू नकात. माझा सगळा त्यातच आसा."

मी म्हटलं, "हो हो." मनात म्हटलं, काय ही श्रद्धा. कोकणी माणूस, कुठल्या देवाचा प्रसाद लावून बांधले असतील.

दुसऱ्या दिवशी घमेल्यात पाणी घेऊन मी ती खापरं स्वतः धुवायला बसले. हे काम मजुरांचं, पण मला ते करायचं होतं. धुण्याआधी कात्री घेतली आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस धागे कापले. नियम तोच आहे, वस्तूवर परकी गोष्ट ठेवायची नाही, दमट धाग्याने डाग पडतात. नियमाप्रमाणेच केलं. पण प्रत्येक धागा कापताना जे बरं वाटत होतं ते काही नियमात लिहिलेलं नाही. धागे टाकले मात्र नाहीत. मजबूत गिरणीचं सूत, वाया कशाला घालवायचं? ऑफिसातल्या लाल फिती संपल्या होत्या. धाग्यांची जुडी ड्रॉवरात टाकली आणि त्यातल्या एका लांब काळ्या धाग्याने परबांच्याच केसची फाइल बांधली.

मग रजिस्टर उघडलं. आमच्या रजिस्टरात एक रकाना असतो : थर. त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, अज्ञात. खाली पुन्हा, अज्ञात. त्रेचाळीस वेळा. वरीलप्रमाणे असं लिहून भागलं असतं, पण मी ते प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं.

पंधरा दिवसांनी परब ऑफिसात आले, धापा टाकत. ज्या खड्ड्यांतून वस्तू निघाल्या होत्या त्यांत काँक्रीट पडलं होतं. टेकाडाचा उरलेला अर्धा भाग अजून शाबूत होता आणि आठ दिवसांत तोही उकरणार होते. "बाई, आता खाली विटांची भिंत लागली. मोठ्या मोठ्या विटा. मी माणसां थांबवलीत दोन दिवस, आजारी म्हणून सांगितलां. पुढे नाय थांबवूक येवचा. तुमी काय ता करा."

भिंत. मोठ्या विटांची. म्हणजे नुसती खापरं नाही, वखार असेल, धक्का असेल, काय काय असेल. मला त्या क्षणी परबांचा गळा धरावासा वाटला आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. काहीच न करता त्यांना साहेबांकडे घेऊन गेले, फाइल घेऊन.

साहेबांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, "परब, मी काम थांबवायचं पत्र आजच्या आज काढतो. पण बिल्डरचा वकील मला एकच प्रश्न विचारणार. मुंबईत निम्मी जमीन ट्रकने आणून टाकलेली. हे टेकाड तिथलंच जुनं कशावरून? कुणीतरी दुसरीकडून आणलेली भरणी नाही कशावरून? भिंत तर तो जुन्या मिठागराची म्हणून मोकळा होईल. भरणीत सगळं कालवलेलं असतं, वरचं खाली, खालचं वर. तुमच्या वस्तू एकाच थरातून, एकाच खोलीवरून आल्या असं दाखवता आलं तर मी लढतो. थर सांगा."

"सांगतंय ना, साहेब," परब म्हणाले. आणि पहिल्यांदाच बाकावर नीट टेकून बसले. "चिंचेच्या बुंध्याक मी खिळो मारलोलो. त्याच्यावरनं पाण्याच्या नळीन लेव्हल घेयत होतंय, पाया खणताना घेतत तशी. खिळ्यापासून खाली जितक्यो विती, तितक्यो धाग्याक गाठी. पिवळो मुरूम असलो तर पांढरो धागो. राख, जळकी माती, तर लाल. खाडीचो जुनो चिखल, तर काळो. साच्यार कामाक होतंय तेव्हा तुटलेल्या धाग्याचो हिशोब असोच ठेवायचंय. माका लिवूक येता, पण खड्ड्यात कागद भिजता. धागो नाय भिजत. भिजलो तरी गाठ ऱ्हवता." मग माझ्याकडे वळून, अगदी खुशीत, "बाई, धागे आणा. आताच दाखवतंय. तीनय मुठी काळ्या चिखलात, आठ विती."

वाचकहो, ज्यांना धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका ठरलेल्या खुणेपासून लेव्हल घेऊन खोली मोजायची, मातीचा रंग नोंदवायचा, ही नोंद वस्तूबरोबर कायम बांधून ठेवायची. हेच आमचं शास्त्र. आम्ही ते दुर्बिणीतून करतो, ते नळीने करत होते, एवढाच फरक. वीस मिनिटं मी ज्या माणसाला थर शिकवला त्याने प्रत्येक वस्तूची तारीख तिच्या गळ्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवली होती.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "धागे आहेत ना?"

शेजारच्या खोलीत, डाव्या हाताच्या ड्रॉवरात होते. कापलेले होते, मान्य. पण उठून आणले असते, टेबलावर पसरले असते, तर परबांनी कुठला कशाचा ते लावून दाखवलं असतं का? मला नक्की माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आणले तर साहेब विचारणार, कापले कुणी. पंचनाम्यात नोंद का नाही. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. आणले तर हा माणूस जिंकणार. पेपरात पुन्हा फोटो. उत्खनन झालं तर साहेब त्यांनाच पुढे उभं करणार, आणि मी मागे रजिस्टर धरून.

मी म्हटलं, "सर, पंचनाम्यात धाग्यांची नोंद नाही."

शब्द न् शब्द खरा. नोंद नव्हतीच.

साहेबांनी पंचनामा उलटसुलट करून बघितला आणि सुस्कारा टाकला. परब माझ्याकडे बघत होते. मग त्यांची नजर टेबलावर गेली, फाइलवर, आणि तिथेच थोडा वेळ राहिली. मला वाटलं आता ओरडतील. मिसेस असत्या तर छप्पर उडालं असतं. परब उठले.

"ऱ्हवांदेत मगे," म्हणाले. साहेबांना नमस्कार केला, मलाही केला आणि गेले.

साहेबांचं पत्र वकिलाच्या त्या एका प्रश्नावरच अडलं. दहाव्या दिवशी टेकाड उरलं नव्हतं. मी नंतर एकदा जाऊन बघून आले. गेटवर वॉचमनने विचारलं, "फ्लॅट बघायला आलात?" मी हो म्हटलं. त्याने दाखवला.

पुढे मला बढती मिळाली, बोरिवलीच्या लेण्यांवर काही वर्षं गेली, भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांशी भांडण्यात केस पिकले. त्रेचाळीस वस्तू गोदामातल्या पेटीत राहिल्या. कुणी अभ्यासक आला तर मूठ बघून हरखायचा, मग रजिस्टर बघायचा आणि पेटी बंद करायचा. थर अज्ञात असलेल्या वस्तूचं कुणी काय करणार! माझंच अक्षर होतं ते, सुवाच्य.

निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना जुडी हातात आली. काही धागे मी वर्षानुवर्षं पिशव्या आणि फायली बांधायला वापरले होते, तेही गोदामात जाऊन सोडवून आणले. सव्वीस जमले. आठवडाभर ते घरात होते, देवाच्या फडताळात. मग एका सकाळी भांडुप गाठलं. खोली तीच, वर पत्र्याच्या जागी स्लॅब आलेला. मिसेस नव्हत्या, भिंतीवर फोटो होता त्यांचा. परबांनी मला आवाजावरून ओळखलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा टीव्हीवर पडलेला.

"बसा बाई. चाय ठेवतंय."

मी जुडी त्यांच्या हातात दिली. चष्मा न लावता त्यांनी त्यातला एक धागा बोटांवर घेतला आणि टोकापासून गाठी चाचपत गेले.

"आठ विती," म्हणाले. कापलेल्या फासाची लांबी अंगठ्याने मोजली. "ह्या मुठीचो. दोन नंबरच्या. काळो असतलो."

काळाच होता. दुसरा घेतला. "हो मण्यांचो, बारीक फास." तिसरा. "बांगडी." खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि एकापाठोपाठ एक सांगत होते, जसं कुणी आपल्या पोरांची नावं सांगावीत. सव्वीसच्या सव्वीस लावले. दोनच ठिकाणी थांबून परत चाचपलं. म्हणजे त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर त्रेचाळीसही लागले असते. पाच मिनिटांचं काम होतं. भिंत राहिली असती.

मी म्हटलं, "परब, तेव्हा हे धागे... माझ्या ड्रॉवरात होते."

"माका म्हायत होतां."

"कसं?"

"तुमच्या फायलीक बांधलोलो ना एक. साहेबाच्या टेबलार. ह्याच मुठीचो." पहिला काळा धागा त्यांनी पुन्हा बोटाला गुंडाळला. "माझी गाठ मी वळखूचय नाय काय?"

"मग बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तरी..."

"बोललंय असतंय तर तुमची नोकरी गेली असती." चहाला उकळी आली म्हणून ते उठले, गॅस बारीक केला. "टेकाड मोठां होतां, बाई. जीव तुटलो माझो. पण नोकरी जाणां काय असता ता माका म्हायत होतां. आमच्या हिका सुदीक मी कधी सांगूक नाय. तिना तुमच्या ऑफिसाची कौलां काढली असती."

संपादकसाहेब, तुम्हाला वाटेल आता इथे माझे डोळे भरून आले आणि मन स्वच्छ झालं. डोळे आले भरून. मन नाही झालं. खोटं कशाला लिहू? मला त्या क्षणीसुद्धा त्यांचा हेवाच वाटला. मूठ त्यांना सापडली, भिंत त्यांना सापडली, शास्त्र त्यांना न शिकता आलं, आणि मोठेपणासुद्धा त्यांच्याच वाट्याला. माझ्या वाट्याला गोटी.

चहा पिऊन झाल्यावर मी पर्समधून वही काढली. रजिस्टर आता माझ्या हातात नव्हतं, साधी शाळेची वही होती. म्हटलं, परब, सावकाश सांगा. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. वस्तू, खोली, माती. थराच्या रकान्यात सव्वीस वेळा काही ना काही लिहिलं. ऑफिसात नेऊन देईन, तिथे कुणी वाचेल न वाचेल.

शेवटचा रकाना असतो, कोणाला सापडले. जुन्या रजिस्टरात तिथे मी माझं नाव घातलं होतं, कारण ताब्यात मी घेतलं होतं. परबांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत वडिलांचं नाव कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "लिवा, गोविंद धाकू परब," आणि लिहिलेलं दिसत नव्हतं तरी मी सव्वीस ओळी पुऱ्या करेपर्यंत वहीकडे तोंड करून बसून राहिले.